आखूड नळी आणि ध्वनिशामक : एका निवडीचा इतिहास

मराठी भाषकाला ‘सायलेन्सर’ हा शब्द परिचित आहे तो मोटारसायकलीच्या बाजूस बसविलेल्या नळकांड्यामुळे. त्या नळकांड्याचा आणि बंदुकीचा काही संबंध असेल अशी शंका सहसा कोणास येत नाही. वस्तुतः दोहोंचे गोत्र एक आहे. हायरम पर्सी मॅक्सिम (१८६९–१९३६) हा अमेरिकन अभियंता कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे मोटारगाड्यांच्या कामात होता. इंजिनातून सुटणाऱ्या वायूचा फटफटाट आणि बंदुकीच्या नळीतून सुटणाऱ्या वायूचा दणका हे दोन्ही मुळात एकाच कारणाने होतात, हे त्याने ओळखले. दाबाखाली कोंडलेला उष्ण वायू एकाएकी मोकळ्या हवेत आला की आवाज होतो. तोच वायू फिरवीत, अडवीत, निववीत बाहेर सोडला तर आवाज मंदावतो. या तत्त्वावर आधारलेल्या त्याच्या बंदुकीच्या साधनास ३० मार्च १९०९ रोजी अमेरिकेत पेटंट मिळाले आणि ‘मॅक्सिम सायलेन्सर’ या नावाने ते बाजारात आले. राष्ट्राध्यक्षपद भूषविलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांच्या एका विंचेस्टर रायफलीवरही ते बसविलेले होते. या पर्सी मॅक्सिमचा पिता हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम म्हणजे त्याच आडनावाच्या सुप्रसिद्ध यंत्रबंदुकीचा जनक. आयुष्यभर बंदुकांच्या सान्निध्यात राहिलेल्या या गृहस्थास उतारवयात जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. पित्याने बार वाढविला आणि पुत्राने तो शमविला असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु पुत्राचा हेतू शेजाऱ्यापाजाऱ्यांस त्रास न देता नेमबाजी करता यावी, एवढाच प्रथम होता.

‘सायलेन्सर’ हे कर्तृवाचक नाम आहे. ‘गप्प करणारा’ असा त्याचा सरळ अर्थ. हे नाव विक्रीच्या दृष्टीने उत्तम, पण वस्तूच्या दृष्टीने असत्य होते. आणि पुढील शंभर वर्षांत या साधनाविषयी जे समज-गैरसमज निर्माण झाले त्यांतील बरेचसे या एका नावाच्या पोटी जन्मले आहेत. इतर भाषांनी येथे अधिक संयम दाखविलेला दिसतो. जर्मन भाषेतील ‘शालडॅम्फर’ म्हणजे ध्वनी मंद करणारा. फिनिश आणि नॉर्वेजियन शब्दांचाही आशय तोच. इंग्लंडातील शिकारी ‘मॉडरेटर’ म्हणतात, म्हणजे मर्यादेत ठेवणारा. रशियन सैन्यात ‘निःशब्द गोळीबाराचे उपकरण’ असे लांबलचक, कचेरीच्या थाटाचे नाव पडले. फ्रेंच मात्र इंग्रजीप्रमाणेच मौनाकडे झुकले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ‘सप्रेसर’, म्हणजे दाबून धरणारा, हा शब्द पुढे आला, आणि आज जाणकारांत तोच प्रतिष्ठित आहे. बाजारातील बोलीत तर त्याला नुसते ‘कॅन’, म्हणजे डबा, म्हणतात. मराठीत ‘ध्वनिरोधक’ हा शब्द अधूनमधून योजलेला आढळतो. परंतु जलरोधक कापडातून पाणी झिरपू नये अशी अपेक्षा असते; तशी अपेक्षा या साधनाकडून ठेवता येत नाही. ‘वेदनाशामक’ या शब्दातील ‘शामक’ येथे अधिक यथार्थ आहे, कारण वेदनाशामकाने वेदना सुसह्य होते, तिचे कारण नाहीसे होत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात ‘ध्वनिशामक’ हा शब्द योजिला आहे.

बंदुकीचा ‘बार’ म्हणून आपण जो एक आवाज ऐकतो तो वास्तविक तीन आवाजांचा समुच्चय असतो. पहिला, नळीच्या तोंडातून सुटणाऱ्या वायूचा दणका. दुसरा, ध्वनीहून वेगाने जाणाऱ्या गोळीच्या पुढे उठणाऱ्या आघातलहरीचा कडाका. तिसरा, बंदुकीच्या यंत्रणेतील पोलादाचा खडखडाट. यांपैकी दुसऱ्या आवाजाचे स्वरूप एर्न्स्ट माख आणि पेटर झाल्खर या शास्त्रज्ञांनी १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांमुळे स्पष्ट झाले होते. वेगवान गोळीच्या पुढे शंकूच्या आकाराची लहर त्यांत प्रत्यक्ष दिसली. म्हणजे मॅक्सिमचे पेटंट निघण्यापूर्वीच हे ज्ञात होते की, नळीच्या तोंडावर काहीही बसविले तरी हा कडाका थांबणार नाही. गोळी जिथून जिथून जाईल तिथे तिथे तो उठतच राहील. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर. आधुनिक रायफलीची गोळी याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने जाते. तेव्हा ध्वनिशामकाच्या अधिकाराखाली येतो तो फक्त पहिला आवाज.

आणि हा पहिला आवाज नळीच्या लांबीवर अवलंबून असतो. काडतुसातील दारू पेटल्यावर तिचा वायू गोळीला पुढे ढकलीत नळीतून जातो. नळी जितकी लांब, तितका वायू प्रसरण पावतो, निवतो आणि त्याचा दाब उतरतो. नळी मध्येच तोडली तर हाच वायू चढ्या दाबानिशी, कित्येकदा अर्धवट जळालेल्या दारूच्या कणांसह, बाहेर पडतो. त्या कणांचा हवेशी संयोग होऊन नळीच्या तोंडाशी मोठी ज्वाला उठते. आखूड नळीमुळे गोळीचा वेग घटतो हे नुकसान सर्वांच्या लक्षात येते. त्या घटलेल्या वेगाची शक्ती आवाज आणि उजेड या रूपांनी नेमबाजाच्याच तोंडासमोर उधळली जाते, हे नुकसान तितकेसे लक्षात घेतले जात नाही. आखूड नळीच्या रायफलीसाठी ध्वनिशामक निवडणे म्हणजे मुळात या दुसऱ्या नुकसानाची भरपाई शोधणे होय.

आखूड नळीची हौस जुनी आहे. घोडेस्वाराला लांब बंदूक सांभाळता येत नाही, म्हणून युरोपात ‘कॅरबाइन’ निपजली, आणि तिच्याच कुळातील ‘कडाबीन’ हा शब्द मराठीत येऊन राहिला. घोड्यांचे दिवस गेल्यावर तीच गरज मोटारी, विमाने, जंगले आणि घरांचे जिने यांनी पुन्हा उत्पन्न केली. परंतु या हौसेला कायद्याचे कुंपण पडले ते अमेरिकेत १९३४ साली. त्या वर्षीच्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याने यंत्रबंदुका, आखूड नळीच्या रायफली व शॉटगना आणि ध्वनिशामके यांस एकाच पंक्तीत बसविले, त्यांची नोंदणी सक्तीची केली आणि प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलर कर लादला. थॉम्पसन सबमशीनगन बाजारात आली तेव्हा तिची किंमत जवळजवळ एवढीच होती. ध्वनिशामक मात्र थोड्याशा डॉलरांत मिळणारी वस्तू होती. म्हणजे एका वस्तूवरील कर किंमतीइतका, तर दुसरीवर किंमतीच्या कित्येक पट. विधेयकाच्या मूळ मसुद्यात पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरे यांचाही समावेश होता. लांब बंदूक कापून तिचे पिस्तूल करण्याची पळवाट राहू नये म्हणून आखूड नळीचे कलम त्यात हवे होते. पुढे पिस्तुले वगळली गेली, कलम तसेच राहिले. दार काढून नेल्यावर कडी भिंतीवर राहावी तसा हा प्रकार झाला. रायफलीच्या नळीची किमान लांबी प्रथम १८ इंच ठरली होती. १९६० साली ती १६ इंचांवर आणण्यात आली. अमेरिकेत आजही आखूड नळीची रायफल म्हणजे १६ इंचांहून कमी नळीची, अशी जी व्याख्या चालते तिचा उगम हा असा आहे. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने सोळाव्या इंचाला कसलेही विशेष महत्त्व नाही.

कायद्याने ज्या दोन वस्तू एकत्र आणल्या त्या शस्त्रकारांनी युद्धाच्या गरजेपोटी स्वतंत्रपणे एकत्र आणल्या. दुसऱ्या महायुद्धात विल्यम गॉडफ्रे डी लिझल या इंग्रजाने तयार केलेली कॅरबाइन हे याचे पहिले खरेखुरे यशस्वी उदाहरण. तिचा सांगाडा ली-एनफील्ड रायफलीचा, नळी थॉम्पसन सबमशीनगनची आणि काडतूस ०.४५ इंच व्यासाचे अमेरिकन पिस्तुलाचे, अशी ती तीन घरची पंचाईत होती. परंतु या जोडकामामागील विचार पक्का होता. पिस्तुलाची ती जड गोळी सेकंदास सुमारे अडीचशे मीटरने जाते, म्हणजे ध्वनीहून सावकाश. त्यामुळे माखच्या छायाचित्रातील लहर तिच्यापुढे उठतच नाही. दारू थोडी असल्याने ती आखूड नळीतही जळून जाते. नळीभोवती जाडजूड ध्वनिशामक कायमचे बसविलेले असल्याने वायूला निवण्यास भरपूर जागा मिळते. आणि प्रत्येक बारानंतर खटका हाताने मागे ओढावयाचा असल्याने यंत्रणेचा खडखडाट बाराबरोबर होत नाही. तिन्ही आवाजांचा बंदोबस्त एकाच वेळी झाला तो येथे. अशा कॅरबाइना फार झाल्या नाहीत, सुमारे १३० एवढ्याच. पण त्यांच्या कर्त्याने शिकविलेला क्रम विसरण्याजोगा नाही: आधी काडतूस, मग नळी, आणि ध्वनिशामक सर्वांच्या शेवटी.

रशियातही हा क्रम ओळखला गेला होता. तेथील मितिन बंधूंनी रायफलीसाठी केलेल्या साधनास ‘ब्रामित’ असे नाव पडले. ‘ब्रात्या मितिनी’, म्हणजे मितिन बंधू, या दोन शब्दांच्या आद्याक्षरांचा तो संधी आहे; संक्षेप करून नवे शब्द घडविण्याच्या सोव्हिएट काळातील प्रवृत्तीचा हा एक छोटासा नमुना. या साधनाबरोबर कमी दारूचे वेगळे काडतूस वापरावे लागे. साधन आणि काडतूस यांची फारकत केली तर साधन निरुपयोगी, हे तेथे गृहीतच होते.

अमेरिकेत मात्र व्हिएतनामच्या युद्धात हा क्रम उलटा झाला, आणि म्हणूनच त्या प्रकरणात रेंगाळणे आवश्यक आहे. एम-१६ रायफलीची नळी २० इंचांची आणि एकूण लांबी ३९ इंचांच्या आसपास. तिची ५.५६ मिलिमीटर व्यासाची गोळी सेकंदास सुमारे ९९० मीटर वेगाने जाई. जंगलात टेहळणी करणाऱ्या तुकड्यांना आणि हेलिकॉप्टरांतून उतरणाऱ्या सैनिकांना याहून आटोपशीर हत्यार हवे होते. कोल्ट कंपनीने तीच यंत्रणा आणि तेच काडतूस कायम ठेवून नळी निम्म्यावर, म्हणजे १० इंचांवर आणली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. वीस इंच नळीच्या हिशेबाने भरलेली दारू दहा इंचांत जळेना. आवाज इतका प्रखर आणि ज्वाला इतकी मोठी की, शत्रूपूर्वी नेमबाजाच्याच कानाडोळ्यांची परीक्षा व्हावी. काडतूस बदलण्याचा मार्ग बंद होता, कारण सैन्याचा दारूगोळा एकच असावा हा पुरवठाखात्याचा आग्रह. आणि तो चुकीचा होता असे म्हणता येत नाही. तेव्हा उरला तो एकच मार्ग, नळीच्या तोंडावर काहीतरी बसविण्याचा.

हे ‘काहीतरी’ म्हणजे सुमारे सव्वाचार इंच लांबीचे एक नळकांडे. आत वायू फुगण्यासाठी एक पोकळी आणि पुढे ज्वाला फोडण्यासाठी चिरा. त्याचे नाव ‘मॉडरेटर’. हत्यारास ‘एक्सएम १७७’ हा क्रमांक मिळाला. १९६७ साली आलेल्या त्याच्या सुधारलेल्या आवृत्तीत नळी दीड इंचाने वाढवून साडेअकरा इंचांची करण्यात आली. त्यामुळे आवाज आणि ज्वाला थोडी आटोक्यात आली आणि नळीखाली हातगोळे फेकण्याचे साधन बसविण्यास जागाही झाली. आता या आकड्यांची बेरीज करून पाहण्याजोगी आहे. साडेअकरा आणि सव्वाचार मिळून पावणेसोळा इंच होतात. नळी कापून जी लांबी वाचविली तिच्यातील निम्मी लांबी मॉडरेटरच्या रूपाने परत द्यावी लागली. आणि त्या मोबदल्यात मिळाले काय, तर शांतता नव्हे. आखूड नळीचा बार वीस इंची एम-१६ च्या बारासारखा ऐकू यावा, एवढेच. या मर्यादित कार्यात मॉडरेटर यशस्वी झाला. म्हणजे त्याने बंदूक गप्प केली नाही. कापलेली नळी कानापुरती पुन्हा जोडून दिली.

मॉडरेटरचे दोषही लवकरच दिसून आले. आतील पोकळीत जळक्या दारूची काजळी साचे, आणि ती साफ करणे कठीण. ज्या गोळ्यांच्या बुडाशी जळती खूण असते, त्या रात्रीच्या वेळी वाकड्यातिकड्या जाताना दिसत. यापेक्षाही मोठी अडचण आली ती कायद्याच्या बाजूने. शस्त्र, मद्य आणि तंबाखू यांचा कारभार पाहणाऱ्या अमेरिकी खात्याने पुढे निर्णय दिला की, मॉडरेटर हे कायद्याच्या दृष्टीने ‘सायलेन्सर’ होय. या निर्णयामुळे त्या हत्याराची परदेशी विक्री अडचणीत आली. कोल्टने पुढील आखूड रायफलींवर साधे ज्वालाशामक बसविले आणि कानांचा प्रश्न तसाच सोडून दिला.

खात्याचा निर्णय वरवर विचित्र वाटतो. एम-१६ इतका आवाज करणाऱ्या वस्तूस ‘गप्प करणारा’ म्हणावयाचे, ते कसे? पण शब्दांचा हिशेब पाहिला तर निर्णय सुसंगत आहे. अमेरिकी कायद्याच्या पुढील व्याख्येत बार गप्प करणाऱ्या साधनाबरोबरच तो ‘कमी’ करणारे साधनही सायलेन्सर ठरते. किती कमी, हे सांगितलेले नाही. म्हणजे नाव पूर्ण मौनाचे, व्याख्या अंशमात्र उतारासही पुरेशी. ‘कमी’ हा सापेक्ष शब्द आहे. कशाच्या तुलनेने कमी हे ठरविल्याशिवाय त्यास अर्थ येत नाही. तुलना त्याच रायफलीच्या उघड्या नळीशी केली तर मॉडरेटर सायलेन्सर ठरतो. लांब नळीशी केली तर तो काहीच ठरत नाही. खात्याने पहिली तुलना केली. सैनिकांच्या दृष्टीने दुसरीच तुलना खरी होती. भारतीय कायद्याने हा वाद उद्भवूच दिलेला नाही. १९६२ च्या शस्त्रनियमांच्या पहिल्या अनुसूचीत, प्रतिबंधित शस्त्रांच्या वर्गात, आवाज ‘किंवा ज्वाला’ कमी करणाऱ्या जोडसाधनांचा उल्लेख होता. ब्रिटिश कायद्यातील शब्दयोजनाही तशीच. तेथे मॉडरेटर हा ध्वनिशामक की ज्वालाशामक, असा प्रश्न करण्यास वावच नाही. मसुदाकाराने घातलेला एक ‘किंवा’ कधी कधी असा उपयोगी पडतो.

अमेरिकी नियमांतील आणखी एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. नळीच्या तोंडावरील साधन कायमचे जोडून टाकलेले असेल तर त्याची लांबी नळीच्याच लांबीत मोजतात. त्यामुळे दहा-अकरा इंची नळीवर ध्वनिशामक पक्के जोडून एकूण माप १६ इंचांपर्यंत नेले, तर ती रायफल कायद्याच्या दृष्टीने आखूड राहत नाही. नोंदणी फक्त ध्वनिशामकाची करावी लागते. एक कर वाचतो म्हणून अनेकांनी हा मार्ग पत्करला. ध्वनिशामक हे नळीचेच उर्वरित अंग आहे, हा जो निष्कर्ष व्हिएतनाममधील बेरजेतून निघतो, तोच येथे मोजपट्टीने नकळत मान्य केलेला आहे.

व्हिएतनाममध्ये मॉडरेटरखेरीज खऱ्या अर्थाने आवाज शमविणारी साधनेही वापरली गेली. ॲबरडीन येथील सैनिकी प्रयोगशाळेत एम-१६ साठी ध्वनिशामके तयार झाली. जॉर्जिया राज्यातील मिचेल वर्बेल याच्या ‘सायॉनिक्स’ कंपनीनेही ती केली. हे कंपनीचे नाव म्हणजे बंडखोरांच्या प्रत्यक्ष नायनाटाच्या अभ्यासाविषयी असलेल्या एका भारदस्त इंग्रजी शब्दावलीची आद्याक्षरे होत. ध्वनीशी त्याचा संबंध केवळ उच्चारापुरता. या साधनांच्या निमित्ताने एक नवी अडचण उघडकीस आली. एम-१६ ही आपल्याच वायूच्या जोरावर पुढचे काडतूस भरणारी रायफल आहे. नळीच्या तोंडाशी वायू अडविला की तो मागे फिरतो, यंत्रणा वाजवीपेक्षा जोराने चालविते आणि उरलेला नेमबाजाच्या डोळ्यांत व नाकात शिरतो. ॲबरडीनच्या साधनाबरोबर हा वायू डोळ्यांपासून दूर वळविणारी एक आडपट्टी रायफलीच्या मागील भागास बसवावी लागली. आखूड नळीत तर वायूचा दाब मुळातच चढा, तेव्हा हा त्रास दुणावतो. म्हणून आखूड रायफलीसाठी साधन निवडताना किती डेसिबेल उतरतात एवढाच प्रश्न विचारणे हे नाडी पाहून चष्मा देण्यासारखे आहे. वायू मागे किती येतो, पहिल्या पडद्यास तो दाब सोसतो काय, हे प्रश्न तितकेच निकडीचे. ध्वनिशामकाच्या आतील पडद्यांपैकी नळीला सर्वांत जवळचा जो असतो त्यावर उष्ण वायू आणि न जळलेले कण यांचा मारा होतो. त्यामुळे कारखानदार आपापल्या साधनासाठी किमान नळीची लांबी नमूद करतात, आणि आखूड नळीसाठी हलक्या टायटॅनियमपेक्षा जड पण चिवट अशा निकेल वा कोबाल्टच्या मिश्रधातूंकडे वळतात. येथेही सौदाच असतो. टिकाऊपणा घ्यावा तर रायफलीच्या तोंडाशी वजन वाढते, आणि तोंडाशी वाढलेले वजन हातास दुप्पट वाटते.

डेसिबेलचे आकडे मात्र दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. एम-१६ जातीच्या रायफलीचा बार सुमारे १६० डेसिबेलांच्या घरात जातो, आखूड नळीचा त्याहूनही वर. क्षणिक आवाजासाठी कानास धोका सुरू होण्याची सीमा १४० डेसिबेल धरतात. चांगले ध्वनिशामक साधारणतः २० ते ३५ डेसिबेल उतरविते. म्हणजे उत्तमांतले उत्तम साधनही आखूड रायफलीला कानाच्या सीमेच्या थोडे अलीकडे आणून सोडते, त्याहून फार पुढे नेत नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या अपंगत्वभत्त्याच्या प्रकरणांत कर्णनाद आणि बहिरेपण यांचा क्रम वर्षानुवर्षे अग्रभागी राहिला आहे. या पार्श्वभूमीवर त्या थोड्याशा अंतराची किंमत कळते. चित्रपटांत ऐकू येणारी हलकी फुसफुस ही रायफलीची नव्हे, ‘सायलेन्सर’ या शब्दाची निर्मिती आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी आरमाराच्या विशेष दलांसाठी एम-४ रायफलीची नळी साडेचौदा इंचांवरून १०.३ इंचांवर आणण्यात आली, तीच ‘मार्क १८’. या वेळी आखूडपणाचे कारणच ध्वनिशामक हे होते: साधन लावल्यावरही हत्यार जहाजाच्या दारांतून आणि जिन्यांतून फिरविता यावे. व्हिएतनाममध्ये नळी आधी आखूड झाली आणि साधन मागाहून आले. येथे साधन येणार म्हणून नळी आखूड केली. डी लिझलचा क्रम अर्धा परत आला असे म्हणता येईल. काडतूस मात्र तेच राहिले.

उरलेला अर्धा क्रम दोन ठिकाणी पूर्ण झाला. सोव्हिएट संघात १९८७ साली स्वीकारलेल्या ‘विंतोरेझ’ रायफलीसाठी ९ मिलिमीटर व्यासाच्या, जड आणि ध्वनीहून मंद गोळीचे काडतूस स्वतंत्रपणे घडविलेले होते. नळी अवघी २०० मिलिमीटर, म्हणजे आठ इंचांहूनही किंचित कमी, आणि ध्वनिशामक तिच्याभोवती मुळातच रचलेले. अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळालेले ‘३०० ब्लॅकआउट’ हे काडतूस याच विचाराचे. एम-१६ च्याच यंत्रणेत बसणारे, पण नऊ इंची नळीत दारू जळून जाईल अशा बेताने भरलेले, आणि जड व मंद गोळीही घेऊ शकणारे. ज्याने हे काडतूस पत्करले त्याला ध्वनिशामकाची निवड सोपी जाते, ज्याने ५.५६ मिलिमीटरची गोळी आणि दहा इंची नळी धरून ठेवली त्याला बाजारातील कोणतेही साधन पूर्ण समाधान देणार नाही. पुण्याच्या पाषाण भागातील शस्त्रसंशोधन संस्थेने कानपूरच्या कारखान्याबरोबर जी संयुक्त संरक्षक कॅरबाइन विकसित केली, तिच्यासाठीही नेहमीच्या ५.५६ × ४५ मिलिमीटरऐवजी ५.५६ × ३० मिलिमीटरचे तोकडे काडतूस पसंत करण्यात आले. आखूड नळीस आखूड काडतूस, हा त्यामागील हिशेब सरळ आहे. पुरवठ्यात एका काडतुसाची भर पडते ही त्याची किंमत. आणि व्हिएतनाममध्ये नेमकी हीच किंमत मोजण्याची तयारी नव्हती.

गेल्या काही वर्षांत या इतिहासास अनपेक्षित वळण मिळाले. २०२० च्या अखेरीस अमेरिकी मरीन दलाने पायदळातील रायफलींवर सरसकट ध्वनिशामके देण्यास आरंभ केल्याचे जाहीर केले. २०२२ साली सैन्याने निवडलेली ‘एक्सएम ७’ ही रायफल १३ इंची नळीची, आणि ध्वनिशामक तिच्याबरोबरच दिले जाते; वायू मागे येऊन सैनिकाच्या श्वासात जाऊ नये, ही अट साधनाच्या रचनेत आरंभापासून विचारात घेतलेली आहे. नागरी कायद्याच्या भाषेत ही आखूड नळीची रायफल अधिक सायलेन्सर, म्हणजे १९३४ च्या पंक्तीतील दोन वस्तू एकत्र. तिकडे नागरी कायद्यातही बदल झाला. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांची सही झालेल्या कायद्याने ध्वनिशामके आणि आखूड नळीच्या रायफली यांवरील २०० डॉलरांचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. नोंदणी कायम राहिली, आणि सोळा इंचांची मोजपट्टीही.

‘एक्सएम’ या दोन अक्षरांतील ‘एक्स’ म्हणजे ‘प्रायोगिक’. एक्सएम १७७ ने आपले सेवाजीवन या अक्षरासहच संपविले. एक्सएम ७ चे ते अक्षर मे २०२५ मध्ये गळून पडले, आणि सैन्याच्या यादीत ती आता ‘एम ७’ म्हणून नोंदलेली आहे.